खांबेटे काकांचा सल्ला

खांबेटे काकांना फोन केला की ते हॅलो म्हणत नसत. "जीभ दाखव," म्हणत. समोरचा माणूस लंडनमधल्या त्यांच्या एजवेअरपासून दहा मैलांवर, ईलिंगमधल्या एखाद्या स्वयंपाकघरात उभा आहे आणि त्याची जीभ फोनमधून दिसणार नाही, याने त्यांना काही फरक पडत नसे. आपण आरशासमोर जायचं, जीभ बाहेर काढायची, कोरडी आहे की ओली, पांढरी की लाल ते बघायचं आणि मग बोलायचं. ज्यांच्या घरी वायरचा फोन होता ते पळत जाऊन बघून यायचे आणि धापा टाकत सांगायचे. काका तोवर शांतपणे थांबलेले असत.

काका मिरजेहून डॉक्टर होऊन साठच्या दशकात इकडे आलेले. आधी काही वर्षं हॉस्पिटलात म्हातारे पेशंट सांभाळले, कारण आपल्या डॉक्टरांना तेव्हा तेच काम मिळायचं. मग तीस वर्षं जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. मी त्यांना भेटले तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण मराठी मंडळी त्यांना निवृत्त होऊ देत नव्हती. जीपीची अपॉइंटमेंट मिळायची पुढच्या गुरुवारची. आणि 'पोटात गुबारा धरलाय' हे रिसेप्शनिस्टला इंग्रजीत सांगणार कसं? त्यापेक्षा काकांना फोन केलेला बरा. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असे, "आधी पाणी, मग डॉक्टर." ताप असो, डोकं दुखो, पोराचं पोट बिघडो, पाणी. आणि मिठावर त्यांचा भारी राग. मराठी मंडळाच्या जेवणात ते टाय लावून पंगतीतून फिरायचे आणि ज्याचं बीपी जास्त त्याच्या पानातला पापड स्वतःच्या हाताने उचलून न्यायचे. "हिला पापड कोणी वाढला? नॉनसेन्स!" असा आवाज आला की बायका लोणचं भाताखाली लपवायच्या. मीही लपवलं आहे, बीपी नसताना.

दोन हजार चारच्या सुमारास माझं मोठं आतडं काढावं लागलं. कोलायटिस होता, म्हणजे आतड्याला सूज; सगळी औषधं करून झाली, मग सर्जन म्हणाले काढूया. मी चौतीस वर्षांची होते, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. शुद्धीवर आले तेव्हा लहान आतड्याचं टोक पोटावर उजवीकडे बाहेर काढून शिवलेलं होतं आणि त्यावर बॅग चिकटवलेली. त्या टोकाला स्टोमा म्हणतात. काही महिन्यांनी, सगळं नीट राहिलं तर, दुसरं ऑपरेशन करून ते आत जोडता येणार होतं. लोकांना वाटलं मी रडेन. माझा नवरा अजय तर टिश्यूचा डबा हातात धरूनच बसला होता. मला काहीच वाटलं नाही. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते. कोणी काही विचारलं की मी 'हो' म्हणायचे, कारण तो सगळ्यात छोटा शब्द होता.

घरी सोडताना स्टोमाच्या नर्सने एक पत्रक दिलं आणि सावकाश समजावलं. मोठं आतडं नसलं की मीठ आणि पाणी शरीरात राहत नाही, आणि नुसतं पाणी जास्त प्यायलं तर मीठ आणखी वाहून जातं. नुसतं पाणी, चहा, सरबत, सगळं मिळून दिवसाला लिटरभरच. बाकीची तहान मीठ-साखरेच्या पाण्यावर भागवायची, जेवणात मीठ वाढवायचं. बॅग फार भरायला लागली तर लगेच फोन करायचा. मी 'हो' म्हटलं. पत्रक स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या खाली ठेवलं.

आठवड्याभराने अजय कामावर जायला लागला आणि बॅग जास्त भरायला लागली. तोंड सारखं कोरडं पडायचं. मी नर्सला फोन केला नाही. काकांना केला.

"जीभ दाखव."

मी आरशासमोर गेले. "कोरडी आहे काका. चिकट."

"मग? सरळ आहे. पाणी कमी पडतंय. किती पितेस?"

"लिटरभर. नर्स म्हणाली की नुसतं पाणी जास्त नको. मीठ घालून..."

"मीठ? ऑपरेशननंतर? अगं मुली, नर्सला जे पाठ करायला दिलं ते ती म्हणते. मी चाळीस वर्षं पेशंट बघितलेत. तीन लिटर पाणी पी. आणि मीठ अजिबात वाढवू नकोस. ऐकतेस ना?"

"हो."

आता सांगायला सोपं आहे की पत्रक काढून वाचायला हवं होतं. पण ते इंग्रजीत छापलेलं होतं आणि काका मराठीत बोलत होते, 'अगं मुली' म्हणून. आजारपणात माणसाला आपल्या भाषेत रागावणारं कोणीतरी हवं असतं. मी जग भरून टेबलावर ठेवला.

चार दिवस मी पाणी प्यायले. जितकं प्यायले त्याहून जास्त बॅगेत जायचं. मी ती रिकामी करायची आणि परत ग्लास भरायची. पायांत गोळे यायला लागले, उभं राहिलं की भिंती सरकायच्या, लघवी जवळजवळ थांबली. भीती वाटायला हवी होती, ती वाटत नव्हती. चौथ्या दिवशी अजय दुपारी सहज लवकर घरी आला, तेव्हा मी फ्रिजसमोर फरशीवर पडलेली होते. शेजारी ग्लास सांडला होता. तो नसता आला तर हे लिहायला मी नसते.

हॉस्पिटलात दोन्ही हातांना सलाईन लावलं. किडन्या बंद पडायच्या बेतात होत्या आणि रक्तातलं मीठ इतकं खाली गेलं होतं की तरुण डॉक्टरने आकडा दोनदा तपासला. "इतकं पाणी प्यायला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, एका ओळखीच्यांनी. अजयने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन फोन केला. तो काय बोलला ते त्याने मला कधी सांगितलं नाही.

काका तासाभरात आले. टाय नव्हता. त्यांना बिनटायचं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. अजयने घरून आणलेलं पत्रक त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते उभ्यानेच वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. नर्स सलाईन बघायला आली होती, तिच्यासमोरच ते मराठीत म्हणाले, "माझं चुकलं. पाठ केलेलं तुझी नर्स बोलत नव्हती, मी बोलत होतो." मग तिच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "सिस्टर, मी डॉक्टर आहे आणि मला हे येत नाही. मला शिकवाल का?" ती पंचवीस-सव्वीस वर्षांची होती. हे चौऱ्याहत्तरचे. तिने खुर्ची दिली आणि काकांनी खिशातली डायरी काढून सगळं लिहून घेतलं. मध्ये दोनदा, "परत सांगा," म्हणाले.

जाताना पलंगाजवळ थांबले. "नीला, रागावली आहेस ना?"

मला राग नव्हता. काहीच नव्हतं. पण ते सांगायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. मी खिडकीकडे बघत राहिले. ते डायरी खिशात घालून गेले.

मला घरी सोडलं त्या दिवसापासून ते रोज सकाळी यायला लागले. एजवेअर ते ईलिंग, नॉर्थ सर्क्युलरच्या ट्रॅफिकमधून, तीस मैलांच्या वेगाने, मागच्यांचे हॉर्न खात. अजय कामावर निघायचा, हे यायचे. त्यांच्यासाठी दार उघडताना पहिले काही दिवस अजय नुसता बाजूला व्हायचा. काका कोट काढायचे, बाह्या सरसावायचे आणि एक लिटर पाणी मोजायचे. त्यात सहा चमचे ग्लुकोज, एक चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा. प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचे. चव भयंकर असायची, म्हणून त्यात थोडं संत्र्याचं सरबत घालून फ्रिजमध्ये ठेवायचे. मग समोर बसायचे, पेपर उघडायचे आणि दर थोड्या वेळाने पेपरामागून म्हणायचे, "घोट." मी एक घोट घ्यायची. "आणखी एक. गटागटा नको. घोट." बॅगेत किती जातं ते मी मोजून सांगायची आणि ते डायरीत लिहायचे. लाजायचं कसं तेही मी विसरले होते.

एक दिवस त्यांनी पिशवीतून पापड काढले. काकूंनी भाजून दिलेले, उडदाचे. सोबत लोणचं. "खा," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की मला हसू यायला हवं होतं. मी पापड खाल्ला. तो खारट लागला, एवढं मला आठवतं, कारण ऑपरेशननंतर कशाची तरी चव लागल्याची ती पहिली वेळ होती. काका माझ्याकडे बघत होते. "नीला, राग गेला का गं थोडा?" मी म्हटलं, "काका, उद्या थोडं कमी गोड करा पाणी." ते 'बरं' म्हणाले आणि तेही डायरीत लिहिलं.

संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू होतं. अजयने आग्रह केला म्हणून गेले, साडीच्या निऱ्यांखाली बॅग घेऊन. नाव न घेता काका माझ्याबद्दल बोलणार आहेत याची मला कल्पना नव्हती. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "माझ्या फोनवरच्या सल्ल्यामुळे आपल्यातली एक मुलगी मरायला टेकली होती. तिच्या नर्सला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं. यापुढे मला फोन करू नका. तुमच्या डॉक्टरला करा, नर्सला करा. इंग्रजी येत नसेल तर मी शेजारी बसून दुभाषा होईन. त्यापुढे काही नाही." हॉलमध्ये कोणीतरी अवघडून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. चाळीस वर्षांचा मान त्यांनी असा दोन मिनिटांत उतरवून ठेवला. लोक नंतर बिस्किटं खाताना म्हणत होते, काकांचं आता वय झालं.

पार्किंगमध्ये ते माझ्यासाठी थांबले होते. टोपी हातात, डोक्यावर नाही. "आता तरी बोल," म्हणाले. "शिव्या दे हवं तर."

"काका, थंडी आहे. टोपी घाला," मी म्हटलं. त्यांनी घातली.

उन्हाळ्यात माझं दुसरं ऑपरेशन झालं. किडन्या सावरल्या होत्या, आतडं जोडलं गेलं, बॅग गेली. सर्जन म्हणाले, तुम्ही पाण्याचं फार नीट सांभाळलंत. मी 'हो' म्हटलं. पुढे अजयला केंब्रिजला नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. काकांचे फोन यायचे. आता ते हॅलो म्हणायचे. "कशी आहेस? ठीक? बरं," एवढंच बोलायचे. तिसऱ्या वाक्यानंतर दोघंही गप्प. त्या गप्प बसण्यात ते कशाची तरी वाट बघत असायचे, हे मला कळत होतं. हळूहळू माझ्यात जाग येत होती. ऑफिसात एकदा मला चक्क हसू फुटलं. मी ठरवलं की एजवेअरला जाऊन, समोर बसून सांगायचं. फोनवर नको. पुढच्या महिन्यात जाऊ, शाळांच्या सुट्ट्या संपल्यावर जाऊ, रस्ते मोकळे असले की जाऊ.

अशी काही वर्षं गेली आणि एका सकाळी नाश्ता करताना काका गेले. हृदय बंद पडलं. अंत्यविधीला इतके लोक होते की क्रिमेटोरियमच्या माणसाने आणखी खुर्च्या आणल्या. त्या गर्दीत मला तीन अशा बायका भेटल्या ज्यांच्यासोबत काका हॉस्पिटलात दुभाषे म्हणून जाऊन बसले होते. मी रडले नाही. नंतर त्यांच्या घरी गेल्यावर काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "रोज तुझं विचारायचे गं. नीलाचा राग गेला असेल का, म्हणून. मी म्हणायची, गेला असेल हो. तर म्हणायचे, मग बोलली असती."

"काकू, मला त्यांचा राग कधीच नव्हता," मी म्हटलं, आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं, सगळ्या वर्षांचं एकदम.

काकूंनी मला रडू दिलं. मग पदराने माझं तोंड पुसत म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतंस गं."