लाल अक्षरांतली सप्रेम भेट

समारंभ उरकला तरी दत्ता गाडीसमोरून हलेना. इस्त्रीच्या त्या नव्याकोऱ्या गाडीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'तुरुंगातून सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनासाठी सप्रेम भेट'. खाली क्लबचं नाव, त्याखाली अध्यक्षांचं, जरा मोठ्या अक्षरांत. देताना त्यांच्या हातात दत्ताचा हात होता, नजर मात्र कॅमेऱ्यात.

नव्वदच्या दशकात मी आफ्टरकेअरचं काम करायचे. म्हणजे सुटून आलेल्या माणसाला काम मिळवून द्यायचं, तो पुन्हा आत जाऊ नये म्हणून. दत्ता मारामारीच्या केसमध्ये आत गेला आणि तिथल्या लॉण्ड्रीत इस्त्री शिकला. तुर्भ्याला मेहुण्याच्या खोलीत राहायचा. दिवाळीपर्यंत कमाई दाखव, नाहीतर चालता हो, असं मेहुण्याने बजावलं होतं.

गाडी मी मुद्दाम नेरूळला, अध्यक्षांच्याच सोसायटीच्या गेटपाशी लावली. वाटलं, आधार होईल. आठवडाभर एक साडी आली नाही. बायका कपडे घेऊन यायच्या, वाचायच्या, परत जायच्या. साक्षरतेचा एवढा तोटा मी कधी पाहिला नव्हता.

अक्षरं पुसू का, म्हणून अध्यक्षांना फोन केला.

"मग दान केलं ते कळणार कसं, मॅडम? देवळातल्या पंख्यावरसुद्धा नाव असतं."

"पंख्याला गिऱ्हाईक लागत नाही," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

चार दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं : अशा इसमाची गाडी गेटपाशी नको. सही चेअरमनची. चेअरमन म्हणजे आमचे अध्यक्षच. मला संताप आला आणि लाजही वाटली, जागा मीच निवडली होती.

दत्ता शांत होता. "टेन्शन नका घेऊ, मॅडम. एक डबा हिरवा रंग तेवढा द्या."

दान मिळालेल्या वस्तूवर रंग फासणं नियमात बसत नव्हतं. मी डबा दिला. गाडी मागच्या गल्लीत गेली, वर 'साईकृपा इस्त्री' आलं आणि पंधरा दिवसांत गठ्ठे लागले.

दिवाळीच्या तोंडावर मी चौकशीला गेले, तर अध्यक्ष तिथे झब्बे घेऊन उभे. मला बघून म्हणाले, "याला म्हणतात मेहनती माणूस. तुमचा तो कैदी पळाला ना गाडी घेऊन? ती जातच तसली."

मी इस्त्रीकडे बघत राहिले. तिच्याखाली होता त्या शर्टाची कॉलर जळली नाही.

"संध्याकाळी तयार ठेवतो, साहेब," दत्ता म्हणाला.

मेहुण्याने त्याला ठेवून घेतलं. मी देणगीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली : वस्तूवर काही लिहू नये. त्या वर्षी देणग्या निम्म्यावर आल्या.