दोन डाव्या बाह्या

चौतीस वर्षं मास्तर उभ्यानेच कापड कापत आले होते. कोट शिवणाऱ्या त्या दुकानात कापायचं टेबल होतं खिडकीला लागून, आणि त्या टेबलापाशी कोणी स्टूल ओढलेलं त्यांना खपत नसे. "बसून भाजी चिरतात, कापड नाही," असं ते शिकाऊ लोकांना सुनवायचे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांनी त्याच्या खांद्यांचं माप नजरेनेच घेतलेलं असायचं. टेप लावायचे ते निव्वळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

मग कोविड झाला. एकोणीस दिवस इस्पितळात काढून ते आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत परतले, तेव्हा ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, फोनवरून साऱ्या नातेवाइकांना कळवून टाकलं की गंडांतर टळलं. त्याला आता चौदा महिने झाले होते आणि मास्तर अजून दात घासून झाले की पलंगावर बसत होते. आंघोळ केली तर अर्धा तास आडवं व्हावं लागे. उठून उभं राहिलं की छातीत धडधड. बोलता बोलता साधा शब्द जिभेवरून निसटायचा. एकदा तर ताईला 'कात्री' सांगायला त्यांना दोन बोटं हलवावीशी वाटली, पण फोनवर बोटं दिसतात थोडीच.

तपासण्या मात्र एकजात स्वच्छ. फुफ्फुसं बरी, हृदय बरं. पहिले दोन महिने लोक फळं घेऊन आले, नंतर फोन करत राहिले, नंतर तेही थांबलं. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने कौतुकाने सांगितलं, "चेहऱ्यावर तेज आलंय हं तुमच्या." मास्तर तेव्हा कठड्याला धरून धाप ओसरायची वाट बघत होते. ते हसले. दुसरं काय करणार?

दर मंगळवारी ते पुनर्वसन केंद्रात जात. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले, काय केलं, किती वेळ केलं ते लिहायला एक वही दिली आणि एकच नियम घालून दिला: थकण्याआधी थांबायचं. मास्तरांच्या डोक्यात हे काही केल्या शिरेना. थकल्याशिवाय माणसाला कळणार कसं, कुठे थांबायचं ते? "थकलात की उशीर झालेला असतो, काका," बाई म्हणाल्या. "शरीर लगेच तक्रार करत नाही. दोन दिवसांनी करतं." बाईंचं खरंच होतं. जरा बरं वाटलं म्हणून मास्तरांनी एकदा आख्खं कपाट आवरलं होतं, आणि तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

अशात मालकांचा निरोप आला. मालक त्यांच्याच वयाचे, दोघांनी एकाच वर्षी दुकानात पाऊल टाकलेलं, त्यामुळे अरे-तुरेची भाषा. मास्तरांचं टेबल तोवर धाकटी सांभाळत होती. तिशी ओलांडलेली ही बाई दुकानात सगळ्यांत शेवटी आली म्हणून धाकटी. तिला कापायला मास्तरांनीच शिकवलं होतं. मालकांचं म्हणणं असं, की टेबल आता कायमचं कोणातरी एकाला द्यायला हवं. तू ये, सगळ्यांदेखत एक कोट काप, झेपलं तर टेबल तुझं. शुक्रवारी ये.

मास्तरांनी कंबर कसली, म्हणजे काय केलं, तर काहीच केलं नाही. चार दिवस दाढी नाही, आंघोळ नाही, चूल नाही. दूध आणि पाव. ताईचा फोन रोज संध्याकाळी वाजायचा आणि ते तो वाजू द्यायचे, कारण दहा मिनिटं बोललं की तेवढी ताकद गेली. फोन थांबला की खोलीत नळाच्या ठिबकण्याखेरीज काही ऐकू येत नसे. मंगळवारच्या बाई सोडल्या तर आठवड्यात त्यांच्याशी बोलणारी ताई एकटीच होती.

शुक्रवारी दुकानातली मशीनं थांबली, सगळे माना वळवून बघू लागले. मास्तरांनी पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले, कॉलर कापली. हात विसरला नव्हता. कात्रीचा तो करकर आवाज ऐकून मालकांचा चेहरा खुलला. शेवटी बाह्या. कापड एकेरी पसरलेलं. अशा वेळी एक बाही कापली की कागदाचा नमुना उलटा ठेवून दुसरी आखायची, हे शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. मास्तरांनी नमुना उचलला, पुढे सरकवला आणि तसाच सुलटा ठेवून आखला.

कापून झाल्यावर त्यांना दिसलं. धाकटीलाही दिसलं. तिने दोन्ही बाह्या अस्तराखाली सरकवल्या. एक बाही निघेल एवढं कापड उरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने ती गुपचूप कापली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता.

"वा रे मास्तर," मालक म्हणाले. "सोमवारपासून ये."

मास्तरांनी टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले. धाकटी मान खाली घालून टेप गुंडाळत होती, आधीच गुंडाळलेली.

"दोन्ही डाव्या आहेत," मास्तर म्हणाले.

मालकांना आधी थट्टा वाटली. मग मास्तरांनी अस्तर बाजूला केलं.

"होतं रे एखाद्या वेळी."

"माझ्या हातून कधी होत नव्हतं." मास्तरांनी कात्री धाकटीपुढे सरकवली. मग म्हणाले, "टेबल हिचं. मला फक्त खडू दे. सकाळी तासभर येईन. मी आखेन, ही कापेल."

"तास म्हणजे तासच?"

"त्याहून कमी."

मालकांनी मान हलवली. धाकटी मास्तरांच्याच दटावणीच्या सुरात म्हणाली, "मास्तर, आखलेलं मला न विचारता पुसायचं नाही हं," आणि मशीनवरची मंडळी हसली, तेव्हा कुठे मास्तरांना खुर्ची मागायचं सुचलं.

अपेक्षेप्रमाणे रविवारी शरीराने तक्रार केली. पाच दिवस पलंगावर गेले. ताईचा फोन त्यांनी घेतला, पण दुकानाचं काही सांगितलं नाही. तिने टेबलाचं विचारलं असतं.

पुढच्या शनिवारी ते गेले. धाकटीने कापड पसरून ठेवलं होतं. त्यांनी पाठ आखली, एक पुढचा भाग आखला, दुसऱ्याच्या काखेपर्यंत आले. घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती. दम लागला नव्हता, आणि अजून निदान एक बाही सहज झाली असती. मास्तरांनी खडू खाली ठेवला. अर्धी रेघ तशीच राहिली. चौतीस वर्षांत त्यांनी रेघ अर्धी सोडली नव्हती.

"येतो," ते म्हणाले. धाकटी कापत होती. तिने कात्री न थांबवता मान डोलावली.

भर सकाळचे अकरा. रस्त्यावरून जो तो कामाला निघालेला, आणि मास्तर एकटेच घराकडे. दर मजल्यावर एकदा बसत ते वर पोचले. सगळी दारं बंद होती. त्यांनी बूट काढले, पलंगावर पडले, आणि वहीत वेळ लिहिली: चाळीस मिनिटं, दमलो नाही. वाचून दाखवायला कोणी नव्हतं. बाई वही बघतील त्या मंगळवारला अजून तीन दिवस होते.