क्रेनवालीच्या दोन ओळी

शहराच्या मध्यावर चाललेल्या उंच बांधकामावर ती क्रेन चालवायची. सगळे तिला क्रेनवालीच म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. रोज सकाळी शिडी चढून केबिनमध्ये बसली, की काम सुरू व्हायच्या आधी ती फोनवरच्या एका ॲपवर ‘क्रेनवाली’ याच नावाने दोन ओळी लिहून टाकायची. वरून जे दिसेल ते. ‘आज शहर धुक्यात बुडालंय. नुसत्या पाण्याच्या टाक्या तरंगताहेत.’ बस्स, एवढंच. ॲप फुकटचं होतं, वर्षानुवर्षं हे चाललं होतं. वाचतं कोण, हे तिने कधी मनावर घेतलं नाही.

एके दिवशी खातं उघडेना. ‘नियमभंगामुळे बंद.’ कुठला नियम, काही पत्ता नाही. तक्रार केली, तर यंत्राचं ठरावीक उत्तर. पुन्हा केली, पुन्हा तेच.

“अहो, त्यांच्याकडे बोलायला एखादा माणूस तरी असेल ना?”

“नसावा,” नवरा म्हणाला. “तू ते लिहिलेलं दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं होतंस का?”

कशाला ठेवेल ती! नणंद फटकळ. “वहिनी, दुसऱ्याच्या भिंतीवर लिहीत होतीस तू. त्यांनी रंग मारला, संपलं.”

खरंच होतं ते. तरी केबिनमध्ये बसल्यावर हात आपोआप फोनकडे जायचा.

मग एका दुपारी फाटकावर एक नर्स तिला शोधत आली. समोरच्याच हॉस्पिटलमधली.

“वरून लिहिणाऱ्या बाई तुम्हीच? अहो, सकाळच्या गोळ्या देताना मी तुमचं वाचून दाखवते. आता अख्खा वॉर्ड माझं डोकं खातोय. मला खिडकीतून क्रेन हलताना दिसते, पण आत तुम्हीच आहात की दुसरं कोणी, कसं कळायचं? चला बघू माझ्याबरोबर.”

हाडं मोडलेल्यांचा वॉर्ड होता तो. कुणाच्या पायाला वजनं टांगलेली, कुणाची कंबर जखडलेली. उताणं पडून दिसणार काय, तर छत!

“त्या गच्चीवरच्या मांजरीचं काय झालं हो?” एका आजींनी विचारलं. “पिल्लं ऐकत नव्हती तिचं.”

पलीकडच्या आजोबांनी डोळे मिटून टाक्यांची ओळ म्हणून दाखवली. मग तिसऱ्या खाटेवरून एक ओळ आली. मग कोपऱ्यातून एक. क्रेनवालीच्या अंगावर काटा आला. आपण सहज टाकून दिलेले शब्द या माणसांनी जपून ठेवले होते!

परत मिळाल्या त्या ओळी थोड्याच. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. नवऱ्याने तिच्या नावाची वेगळी वेबसाइट करून दिली. आता लिहिलेलं आधी घरच्या संगणकावर राहतं, मग बाहेर जातं.

पण वेबसाइट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लिहिलंच नाही. केबिनमधून सरळ नर्सला फोन लावला. नर्सने स्पीकर चालू करून फोन वॉर्डाच्या मधोमध धरला.

“किती लांबवर दिसतंय आज?” आजोबांचा आवाज आला.

तिने काच पुसली आणि ती सांगायला लागली.