दसऱ्याला एकच बंदूक

माझ्या बायकोने घातलेला नियम साधा होता. घरात नवीन हत्यार येईल ते दसऱ्याला, आणि एकच.

"अहो, नवीन भांडं घ्यायचं तर मी दिवाळीपर्यंत थांबते ना? मग तुम्ही दसऱ्यापर्यंत थांबा."

एवढं बोलायची आणि भाजी चिरायला लागायची. वाद घालायला जागाच ठेवायची नाही. मी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, वडिलांचंही नाही, पण हे ऐकलं.

मी जुन्या बंदुका जमवतो. लढायांतल्या, लाकडी दस्त्याच्या. शिकार मी कधी केली नाही, गोळ्या घरात ठेवत नाही. मला त्यातलं लोखंड आवडतं. पाचवीत शाळा सुटली आणि कोल्हापुरात लेथवर उभा राहिलो. पुढे मेव्हण्याने कागद केले, मिशिगनला आलो, इथेही लेथच नशिबात आला. गाड्यांचे भाग करणाऱ्या वर्कशॉपात माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे जुन्या रायफलचा बोल्ट मागे ओढला की हाताला कळतं, हे कुणीतरी जीव लावून बसवलंय. तो माणूस कधीच मेला असेल. तरी त्याची ओळख झाल्यासारखी वाटते.

आम्ही राहतो त्या नोव्हाय गावात मराठी माणसं पुष्कळ. बहुतेक सगळे मोटारींच्या कंपन्यांतले इंजिनिअर. गणपतीत भेटले की "काका, कसे आहात?" विचारतात आणि उत्तर येईपर्यंत त्यांची नजर दुसरीकडे गेलेली असते. त्यातल्या एका जोडप्याला एकदा आम्ही जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर मी हौसेने बंदुकांची तिजोरी उघडून दाखवली. त्यातला नवरा बघतच राहिला.

"काका, हे सगळं लीगल आहे ना?"

"तू गाडी ज्या स्पीडने चालवतोस त्यापेक्षा जास्त लीगल आहे."

मी हसलो. तो हसला नाही. त्याची बायको आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली. ती दोघं परत आली नाहीत, आणि त्यांनी चार घरी सांगितलं असणार, कारण नंतर दुसरंही कुणी लेकरं घेऊन आलं नाही. बायको होती तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. घरात एक माणूस बोलणारं असलं की पुरतं.

ती गेली आणि माझा दसरा महिन्या-महिन्याला यायला लागला.

रात्रंदिवस कॉम्प्युटरवर लिलाव चालू असतात. जगात कुठली जुनी रायफल कुठे विकायला निघालीय ते घरबसल्या दिसतं. आकडा टाकला की विकणारा माणूस दोन ओळी लिहितो. कुठून मिळाली, आजोबांची होती, असं काहीबाही. मी इंग्रजीत अडखळत उत्तर द्यायचो, तो पुन्हा लिहायचा. बंदूक घरी पोचली की त्याचं लिहिणं बंद. मग मी दुसरी बघायचो. खरं सांगायचं तर कित्येक खोकी मी आठ-आठ दिवस उघडली नाहीत.

मग ऐन थंडीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली आणि नवीन बसवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. टेक्सासला शुगर लँडमध्ये माझी मुलगी डॉक्टर आहे. तिच्यापुढे हात पसरावा लागला. जन्मात पहिल्यांदा. तिने लगेच पैसे पाठवले, पण फोनवर स्पष्ट सांगितलं.

"बाबा, लिसन. धिस इज द लास्ट टाइम. नेक्स्ट टाइम घराचा टॅक्स भरता आला नाही तर आपण हाउस सेल करायचं. तुम्ही इकडे यायचं. आणि नो गन्स. आय मीन इट."

"घर माझं आहे."

"मग टॅक्स पण तुमचाच आहे."

तिचं बोलणं अगदी आईवर गेलंय. वाद घालायला जागा नाही.

तिच्याकडे मी एकदा राहून आलोय. घर मोठं, थंडगार. बाहेर पाऊल टाकलं की घामाची आंघोळ. ती आणि जावई पहाटे बाहेर पडतात, नातवंडं दार लावून आत. मी "जेवलात का रे?" विचारलं की आतून "वी आर गुड, आजोबा!" एवढंच. तिथे मी पाहुणा. इथे निदान भिंतीवरचा खिळा मी ठोकलेला आहे. मला माझं घर सोडायचं नव्हतं. म्हणून हावेला लगाम घालायचा ठरवला.

बँकेचं कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलं, बाळकृष्णाच्या पाटाखाली. आमच्याकडे आंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावत नाहीत, आणि तो नियम मी अमेरिकेतही मोडलेला नाही. म्हणजे लिलावात काही आवडलं तर आधी उठायचं, आंघोळ करायची, धोतर नेसायचं, दिवा लावायचा, मग कार्ड. तोवर डोकं थंड होतं. काही दिवस मी दुपारी दोनदा आंघोळ केली. शेजारच्या गोऱ्या म्हातारीने खिडकीतून मला भर दुपारी ओल्या केसांनी, धोतरात बघितलं आणि लगबगीने पडदा ओढला. पण उपाय चालला. त्या वर्षी दसऱ्याला एकच बंदूक आली, झेंडूची फुलं वाहून पूजा झाली, आणि टॅक्सला लागणारे पैसे जागच्या जागी राहिले.

त्यानंतर महिनाभराने इथल्या एका हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला. शनिवार, रविवार. मी फक्त प्रवेशापुरते पैसे खिशात घालून शनिवारी गेलो. आणि एका टेबलावर थ्री-नॉट-थ्री दिसली.

माझे वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या खांद्यावर हीच असायची. ड्यूटी संपली की जमा करायची, त्यामुळे घरी ती कधी आली नाही. मी लहानपणी चौकीच्या फाटकाबाहेरून बघायचो. हात लावायची प्राज्ञा नव्हती.

टेबलामागे माझ्याच वयाचा गोरा म्हातारा बसला होता, टोपी घालून.

"घे ना उचलून, पार्टनर. चावत नाही ती."

मी उचलली. त्याला वडिलांचं सांगितलं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि विचारत गेला. वडील कुठे असायचे, पट्टा कातड्याचा होता का कापडी, ते बूट कशाने चमकवायचे. इतकं कुणी मला कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं. माझी तोडकीमोडकी इंग्रजी त्याला कळत होती. शेवटी म्हणाला, "तुझ्याकडच्या एक-दोन घेऊन ये. अदलाबदल करू. वर थोडं द्यावं लागलं तर बघू."

रविवारी सकाळी मी आंघोळ केली, पूजा केली आणि पाटाखालचं कार्ड काढून कोटाच्या खिशात घातलं. डोकं थंड झालं नाही. उलट म्हटलं, देवाला विचारूनच चाललोय. माणूस स्वतःला कसा समजावतो बघा.

दोन चांगल्या रायफली घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो. त्याने पहिली उचलली, उजेडात धरली आणि थांबला.

"हा डाग कसला? ॲसिड सांडलं?"

नळीच्या मुळाशी, बनवणाऱ्याचा शिक्का असतो तिथे, बोटाएवढा तांबूस खड्डा होता. लोखंडाचा काळा मुलामा खाल्लेला. त्याने दुसरी उचलली. तिलाही तिथेच.

"दोघींना एकाच जागी?"

मी सांगितलं. आमच्याकडे दसऱ्याला हत्याराची पूजा करतात. हळदकुंकू लावतात. पाण्यात भिजवून.

"ओलं? स्टीलवर? आणि पुसलं नाहीस?"

"पूजेचं त्याच दिवशी पुसत नाहीत."

"एक रात्र पुरते, पार्टनर."

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? जन्म लेथवर गेला. दसऱ्याला कोल्हापूरच्या वर्कशॉपात मी कुंकू रंगवलेल्या पत्र्यावर लावायचो, घासलेल्या लोखंडाला कुणाचं ओलं बोट लागू द्यायचो नाही. पण घरी पूजा बायको करायची. तिने बरोबर शिक्क्यावर बोट टेकवलं, कारण तिला ते बंदुकीचं कपाळ वाटलं. मी बघितलं आणि गप्प बसलो. सणाच्या दिवशी तिला काय सांगायचं, तुझ्या कुंकवाने गंज चढेल? पुढे ती गेल्यावर मी स्वतः लावायला लागलो, तिथेच. सुक्या जागी लावता आलं असतं. नाही लावलं.

"निम्मी किंमत गेली यांची," तो म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. "दोन्ही दे, आणि वर कार्डावर थोडं. ही तुझ्या वडिलांची घेऊन जा."

थोडं म्हणजे हिवाळ्यात भरायच्या घराच्या टॅक्सातला मोठा तुकडा. मी हिशेब केला नाही. हात खिशात गेला, कार्ड बोटांत आलं. तेवढ्यात त्याने टेबलाखालून तेलाची चिंधी आणि लोखंडी तारांची लोकर काढली.

"बघू दे, हे घासून किती निघतं," म्हणाला आणि पहिल्या रायफलच्या डागावर घासायला लागला.

तो पहिलीवरचा डाग माझ्या बायकोच्या हातचा होता.

मी त्याचं मनगट धरलं. माझ्या वयाला शोभणार नाही इतकं घट्ट.

"सोड."

"अरे, मी तुझंच काम करतोय."

"सोड म्हटलं ना. विकायची नाही मला."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. त्याने हात सोडवला, चिंधी खाली टाकली आणि मान हलवली. मी दोन्ही रायफली पिशव्यांत भरेपर्यंत एक दाढीवाला तरुण येऊन थ्री-नॉट-थ्री बघत होता. म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली.

"घे ना उचलून, पार्टनर. चावत नाही ती."

मी घरी आलो, आंघोळ केली आणि कार्ड परत पाटाखाली ठेवलं.

संध्याकाळी मुलीचा रविवारचा फोन आला.

"बाबा, काही बाय केलं का?"

"नाही."

"रियली? गुड! आय ॲम सो प्राउड ऑफ यू."

तिला सांगावंसं वाटलं. तिच्या आईचं बोट, तो डाग. पण मागून मुलांचा गलका चालू होता, आणि ती म्हणाली, "बाबा, आय हॅव टु रन." म्हटलं, जा.

टॅक्सचं बिल आलं. लोक घरबसल्या भरतात. मी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन भरला. काचेमागच्या बाईने पावती दिली आणि विचारलं, "आणखी काही?"

माझ्या मागे रांगेत कुणी नव्हतं. मी विचारलं, "पाण्याचा मीटर किती महिन्यांनी वाचतात?"

मला ते माहीत होतं. तिने नीट, सावकाश, सगळं समजावून सांगितलं. मी शेवटपर्यंत ऐकलं.