बर्फाच्या कारखान्यातला कोरस

बॉबिनबाईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या बॉबिनसारख्या बुटक्या, गोल आणि सदा भिरभिरणाऱ्या, म्हणून शिवणाच्या दुकानात पडलेलं नाव घरापर्यंत आलं. नवराही त्यांना बॉबिनच म्हणायचा. तो अग्निशमन दलात होता, फावल्या वेळात ट्रम्पेट वाजवायचा. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी एक अवाढव्य सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंद आणि कोरसची पाश्चात्त्य रचना, हौशी लोकांकडून बसवायची ठरवली, तेव्हा त्यानेच बायकोला कोरसमध्ये ढकललं.

ही सिम्फनी सहसा कुणी करायला धजत नाही, कारण तिला माणसंच वारेमाप लागतात. डॉक्टरांनी खुर्चीत आ वासून बसलेले पेशंटच पकडले. तोंडात यंत्र असताना नाही कोण म्हणणार? नर्स, पोस्टमन, बेकरीवाले, शाळेतल्या बाई, झाडून सगळे जमले. एवढी माणसं मावतील अशी जागा एकच होती, बंद पडलेला बर्फाचा कारखाना.

शेवटच्या भागात एक विचित्र जागा होती. सगळा कोरस एकदम गप्प होतो आणि कुणी एक बाई, न दिसता, दुरून एकटीच गाते. ती ओळ पेलणारं कुणी मिळेना. "गाळून टाकू," डॉक्टर म्हणाले. "तेवढा वेळ नुसतं शांत राहायचं."

एका रविवारी सकाळी तालीम पहिल्यांदाच तिथवर पोचली. डॉक्टरांचा हात थांबला, सगळे गप्प झाले, आणि बॉबिनबाईंना पाठीमागून आवाज आला. बारीक, सरळ, थंडगार. मागे बर्फ साठवायच्या खोलीचं जाडजूड दार अर्धवट उघडं होतं. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. डॉक्टर मात्र त्यांच्या दिशेने बघून खुशीत मान डोलावत होते.

पुढच्या तालमीला पुन्हा तेच. "आत कोण गातंय हो?" त्यांनी शेजारच्या नर्सला विचारलं.

"चेष्टा करता का माझी?" नर्स म्हणाली आणि जराशी सरकून उभी राहिली. त्यानंतरच्या वेळी आणखी थोडी सरकली.

बॉबिनबाई मन घट्ट करून त्या खोलीत जाऊन आल्या. पत्र्याचे रिकामे साचे, गंजलेले आकडे, भिंतींना ओल. माणूस सोडाच, उंदीरही नव्हता.

घरी त्यांनी नवऱ्यापुढे विषय काढला. ट्रम्पेटवाले बाजूच्या सज्जात बसायचे, तिथून त्याला कोरस अगदी समोर दिसायचा. तो बूट काढता काढता थांबला.

"बॉबिन, फिरकी घेतेस का माझी?"

"नाही रे. देवाशपथ."

"अगं, ते तूच गातेस! तोंड हलताना मी बघतो ना तुझं."

"माझं तोंड बंद असतं."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा बुटाची नाडी सोडवू लागला.

बॉबिनबाई रात्रभर तळमळल्या. ती ओळ आठवून गायला गेल्या, तर एक सूर धड लागेना. शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना गाठलं. "ती ओळ आली की मी मागच्या खोलीत जाईन."

"उत्तम! लांबूनच गायची आहे ती," डॉक्टर म्हणाले.

आता काय तो सोक्षमोक्ष लागेल, असं त्यांना वाटलं. ती जागा जवळ येताच त्या हळूच मागे सरकून अंधाऱ्या खोलीत शिरल्या. बाहेर कोरस थांबला. त्यांनी एक तळहात ओठांवर गच्च दाबला, दुसरा गळ्यावर ठेवला. गळा जराही हलत नव्हता.

आवाज आला. पण खोलीतून नव्हे, बाहेरून.

त्या दाराशी आल्या. कोरसमधली त्यांची जागा रिकामी होती. नर्स आणि शाळेतल्या बाई त्या जागेपासून दोन्हीकडे अंग चोरून उभ्या होत्या. डॉक्टर तिकडेच बघत हसत होते. सज्जातला नवराही तिकडेच बघत होता. मग त्याची नजर दाराकडे वळली, तोंडावर हात दाबून उभ्या असलेल्या बायकोवर खिळली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

टाळ्या थांबता थांबेनात. "शेवटी आपल्या जागेवरूनच गायलात होय?" डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. बॉबिनबाई कशाबशा "हो" म्हणाल्या.

घरी नवऱ्याने चहा टाकला.

"तुला काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"तू. गात होतीस."

"आणि दारात?"

"तिथेही तूच." तो कप हातात धरून उभाच राहिला. "बॉबिन, त्यातली घरी कोण आली गं?"

त्यांना आधी हसू फुटलं. मग कपासाठी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. "मला काय विचारतोस? तूच बघून सांग."

त्याने खूप वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग कप त्यांच्यापुढे ठेवला.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी तीच सिम्फनी पुन्हा केली. बॉबिनबाई गेल्या नाहीत, नवरा गेला. परत आल्यावर त्याने दारातूनच विचारलं, "बॉबिन, तू घरीच होतीस ना?"