अण्णांची जाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते विचारू नका.

माझी नोकरी समुद्राकाठच्या एका संशोधन संस्थेत होती, काम प्लवक मोजायचं. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. ते दर महिन्याला त्याच जागी, तीच बारीक जाळी टाकून पकडायचे. समुद्र तापत गेला तर त्यांच्यात काय बदलतं, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून कळावं म्हणून. सगळी भिस्त एकाच गोष्टीवर — जाळीची वीण बदलायची नाही.

काम सुरू होऊन दोन-तीन महिने झाले नाहीत तोच ती फाटली. तशाच विणीची नवी यायला वेळ होता, म्हणून सुट्टीत मी ती इंदूरला घरी आणली. परदेशीपुऱ्यातली मिल तेव्हा नुकतीच बंद पडली होती, आणि जन्मभर मागावर उभे राहिलेले माझे वडील, अण्णा, दिवसभर ओट्यावर बसून भोंग्याकडे कान लावायचे. भोंगा कुठला वाजतोय! फाटका भाग कापून त्यांनी तिथे मिलचंच विरळ कापड जोडलं — इतकं सुबक, की काय सांगू. गल्लीभर सांगत सुटले, "भिया, माझ्या हातची जाळी समंदर में चलती है!"

मी भिंगाखाली पाहिलं होतं. त्या कापडाची छिद्रं मोठी होती, बारीक जीव त्यातून निसटणार होते. उसवायला असा किती वेळ लागला असता? पण त्यांचा चेहरा पाहून माझी जीभ रेटली नाही. संस्थेतही मूग गिळून बसलो. ती जाळी कित्येक वर्षं चालली.

मग नवी आली — आणि बारीक जीव एकदम 'वाढले'. सगळे म्हणाले, समुद्र तापतोय, मोठ्यांची जागा छोटे घेतायत. खरंही असेल. पण त्यात समुद्र किती बदलला आणि नुसती जाळी किती — कोण सांगणार? सांगू शकणारा मी एकटाच, आणि मी शाल-नारळ घेऊन घरी आलो.

तुम्ही म्हणाल, बापासाठी केलं. थांबा. आता मी निवृत्त होऊन इंदूरलाच, सुदामा नगरात राहतो. मागच्या महिन्यात संस्थेतल्या एका मुलीचा फोन आला. आमच्या त्याच आकड्यांवर तिचं सगळं काम उभं आहे. "सर, सुरुवातीपासून जाळीची वीण एकच होती ना?" अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता कुणाचं मन मोडेल अशी भीती नव्हती.

मी म्हणालो, "हो, एकच."

तिने आभार मानले. त्या वर्षांचा समुद्र आता कुणालाच पुन्हा गाळून पाहता येणार नाही.