नाकसाहेबांची खानावळ

दूरच्या किनाऱ्यावर कितीतरी मोठी रिफायनरी उभी राहिली आणि आमच्या गावच्या रिफायनरीला तेल गाळणं परवडेना. भट्ट्या विझल्या, टाक्या तेवढ्या राहिल्या. त्यांत आता दुसरीकडे गाळलेलं तेल येऊन पडतं. माणसं टाकीत साठवता येत नाहीत, म्हणून ती घरी बसली.

त्यांतलेच एक नाकसाहेब. सगळी नोकरी गंधकाच्या युनिटवर गेली. तिथे सडक्या अंड्याचा वास म्हणजे विषारी वायू. वास आला की विचार करायचा नाही. शिट्टी फुंकायची, वारा बघायचा आणि त्याला आडवं पळायचं.

बायकोने राहत्या घराचा पुढचा भाग पाडून तिथे खानावळ काढली.

"ताई, भावजींना नाक आहे," तिचा भाऊ म्हणाला, "पण धंद्याला तोंड लागतं. नाही चाललं तर माझ्याकडे राहायला या दोघं."

या आमंत्रणानेच नाकसाहेबांची झोप उडाली.

पहिल्या दुपारी सगळे जुने सहकारी जेवायला आले. आत बायको अंडी फोडत होती, त्यातलं एक सडकं निघालं. वास बाहेर आला मात्र, नाकसाहेबांनी शिट्टी फुंकली.

क्षणात खानावळ रिकामी. समोरच्या मैदानात, वाऱ्याला आडवी, चमचे हातात घेतलेली शिस्तबद्ध रांग. म्हातारा फोरमन डोकी मोजू लागला.

बायको तवा घेऊनच धावत आली. "अहो, अंडं होतं! एक अंडं सडकं निघालं!"

नाकसाहेबांचा चेहरा पडला. मेहुणा दारात घास चावत उभा होता. "पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक पळवलंत की, भावजी!"

"एक कमी भरतोय," फोरमन गंभीरपणे म्हणाला. "तो दारातला. तो मेला."

रांग खो खो हसत सुटली. भट्ट्या विझल्यापासून ही माणसं एकत्र हसली नव्हती.

"कंपनीत असताना इतक्या झटपट कधी निघालो होतो का रे?" फोरमनने विचारलं. "वहिनी, उरलेली अंडी तव्यावर टाका. शर्यतीनंतर भूक लागते."

जो तो आपापल्या ताटावर परत बसला. संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा झाला आणि दुसऱ्या दिवशी टाक्यांवरचे नवे कामगारसुद्धा ही मंडळी बघायला म्हणून आले, ते जेवूनच गेले. आठवड्यात बाकं कमी पडू लागली. बायकोने सुतार बोलावला.

"कुठे ठेवू नवीन बाकं?" त्याने विचारलं.

"दारापर्यंतची वाट मोकळी सोड," नाकसाहेब म्हणाले, "बाकी सगळं भरून टाक."